वाघावरचा योगी आणि तापीकाठची मुक्ताई

जनावरांची भाषा कळणारी मुलगी हे किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांतले आता ओळखीचे पात्र झाले आहे. अमेरिकी लेखिका टॅमोरा पिअर्स यांच्या 1992 सालच्या 'वाइल्ड मॅजिक' या कादंबरीतली डेन घोड्यांशी आणि लांडग्यांशी मनोमन बोलते आणि त्या शक्तीच्या बळावर मोठ्यांच्या जगात स्वतःची जागा मिळवते. तिच्यानंतर अशा अनेक नायिका आल्या. या कथांमागचा हिशेब बहुधा सरळ असतो: जनावरांवर जिची सत्ता, ती वरचढ. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, आजच्या जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, एक मुलगी आणि एक वाघ यांची गोष्ट काही शतके सांगितली जाते आहे, आणि तिच्यात हा हिशेब उलटा मांडलेला आहे. तिथे जनावरांवरची जादू पुरुषाकडे आहे, तीही कमालीची. आणि ज्या मुलीसमोर तो शेवटी गुडघे टेकतो, तिच्याकडे असली कुठलीच जादू नाही. हा उलटा हिशेब योगायोगाने झालेला नाही. ज्या मुलखात वाघ रोजच्या जगण्यातला होता आणि वाघावरचा ताबा हाच माणसांवरच्या ताब्याचा पुरावा मानला जाई, त्या मुलखाने विचारपूर्वक जपलेली ती कथा आहे, असे माझे म्हणणे आहे.

गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे, निदान अर्धी. चांगदेव हा चौदाशे वर्षे जगलेला हठयोगी, तापीकाठी तप करणारा, हजारो शिष्यांचा स्वामी. आळंदीच्या ज्ञानेश्वरांची कीर्ती त्याच्या कानावर गेली. पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना: वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की ज्ञानाने मोठा म्हणून तीर्थरूप? त्याने कोराच कागद पाठवला. तो पाहून ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताई हिने शेरा मारला, की इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. थोरले भाऊ निवृत्तिनाथ यांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिले, तीच पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी'. मग चांगदेव स्वतः भेटीला निघाला, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन. निवृत्ती, ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताई ही चारही भावंडे तेव्हा एका भिंतीवर बसली होती. पाहुण्याला सामोरे जायला हवे, म्हणून ज्ञानेश्वरांनी भिंतीलाच चालायला सांगितले. सजीव वाघाला हाकणारा एकीकडे, निर्जीव भिंतीला चालवणारा दुसरीकडे. चांगदेव वाघावरून उतरला. कॅलेंडरावरचे चित्र इथेच थांबते. उजवीकडे जटाधारी योगी, त्याच्या मुठीत फणा काढलेला नाग, वाघाचा जबडा उघडा. डावीकडे भिंतीवर ओळीने बसलेली चार पोरे आणि त्यांत सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत लहान, मुक्ताई. 1940 साली प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेल्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटाने ही चालती भिंत पडद्यावर आणली आणि तिची छाप पुढच्या पिढ्यांवर पक्की बसली.

पण कथेचा कणा तिच्या उत्तरार्धात आहे. भिंत चालवणाऱ्या ज्ञानेश्वरांनी चांगदेवाला उपदेश द्यायला पुढे केले ते मुक्ताईला. चौदाशे वर्षांच्या योग्याची गुरू झाली ती चौदा-पंधरा वर्षांची पोर. तत्पूर्वीचा एक प्रसंगही सांगितला जातो. मुक्ताई स्नान करत असताना चांगदेव तिथे आला, तिला पाहून ओशाळला आणि मागे फिरला. त्यावर तिने त्याला सुनावले. तुला गुरुकृपा झाली असती तर मनात हा भेद उठलाच नसता. रानात चरणाऱ्या गायी वस्त्रांवाचून हिंडतात, त्यांच्याकडे पाहून तू कधी तोंड फिरवतोस का? या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. वाघाला घोड्यासारखा राबवणारा माणूस इथे एका साध्या जनावराच्या दाखल्याने निरुत्तर होतो. वाघावर हुकमत चालवूनही तो स्वतःला जनावरांहून वेगळा आणि वरचा समजतो. ती स्वतःला गायीच्या पंगतीला सहज बसवते. दोघांच्याही बोलण्या-वागण्यात जनावर आहे, पण त्याचे जनावर त्याच्या मांडीखाली आहे आणि तिचे तिच्या शेजारी.

इतिहास म्हणून यातले किती टिकते? फार थोडे, आणि ते आधीच मान्य केलेले बरे. वारकरी परंपरेच्या हिशेबाने मुक्ताईचा जन्म शके 1201 म्हणजे 1279 चा, आणि ती तापीकाठी अंतर्धान पावली ती शके 1219 म्हणजे 1297 च्या वैशाख वद्य दशमीला, विजेच्या कडकडाटात. जन्मशकांबद्दल दुसरीही एक गणना आहे, पण कोणतीही धरली तरी ती विशी-पंचविशीच्या पुढे जात नाही. त्या काळातला हाती असलेला खरा दस्तऐवज म्हणजे 'चांगदेव पासष्टी', आणि तिच्यात वाघ नाही, साप नाही, भिंतही नाही. तिथे आहे तो निखळ अद्वैतविचार, तोही बरोबरीच्या माणसाशी बोलावे अशा जिव्हाळ्याने सांगितलेला. अद्भुताचा सगळा साज नंतरचा आहे. नामदेवांच्या नावावर असलेल्या चरित्रपर अभंगांत ही भेट येते, पण त्या अभंगांच्या पोथ्या उशिराच्या. संतचरित्रकार महिपतीने 1762 साली 'भक्तविजय' पूर्ण केला तोवर कथेने आजचे रूप बहुतेक धारण केले होते. म्हणजे तेराव्या शतकातल्या विचारपत्रापासून अठराव्या शतकातल्या आख्यानापर्यंत येताना मधल्या लोकांनी या भेटीत एक वाघ आणून सोडला. तो त्यांनी का आणला, हे विचारण्यासारखे आहे. खरे काय घडले यापेक्षा हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात त्या लोकांचे जग सापडते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. वाघावर बसून आलेला सिद्ध आणि भिंतीवर बसून त्याला सामोरा गेलेला दुसरा सिद्ध, ही कथा मुळात मराठी नाही. सायमन डिग्बी या इतिहासकाराने 1994 साली वाघावर बसावे की भिंतीवर, याच विषयावर निबंध लिहून भारतातल्या सूफी दंतकथांत हा प्रसंग किती वेळा येतो ते दाखवले. त्याआधी मार्टिन व्हान ब्रुइनेसन यांनी या कथेचा माग तुर्कस्तान आणि कुर्द प्रदेशापर्यंत काढला होता. अनातोलियातल्या हाजी बेक्ताश या संताकडे सय्यद महमूद हैरानी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आला आणि बेक्ताशने खडकावर मांड ठोकून तो चालवला, असे तिकडचे चरित्र सांगते. मग आळंदीची भिंत आणि तापीकाठचा वाघ यांत या मुलखाचे, म्हणजे खानदेशाचे, ते काय? कथा हिंडत आली, इथे विसावली, एवढेच नव्हे का?

कथा हिंडत आली असेल, हे मला मान्य आहे, आणि तिची वाटही अंधुक दिसते. 1382 पासून 1601 पर्यंत खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर तापीकाठीच, संगमावरच्या चांगदेव गावाच्या वरच्या अंगाला, आणि तिचे नाव खुलताबादला चिरविश्रांती घेणाऱ्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून ठेवलेले. दर्गे, नाथांचे मठ आणि वारकऱ्यांची कीर्तने जिथे शेजारी शेजारी नांदत होती, तिथे असली कथा एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर गेली नसती तरच नवल. शिवाय वाघ इथल्या धर्मकथांना परका नव्हता. महानुभाव परंपरेत दत्तात्रेयप्रभूंनी माहूरच्या डोंगरावर वाघाचे रूप घेतले आणि पंजा डोक्यावर ठेवून ज्याला ज्ञानशक्ती दिली, तो चक्रपाणी. त्याचेही दुसरे नाव चांगदेव राऊळ. तो आणि हा योगी एकच, असे मी म्हणत नाही. चांगदेव हे यादवकाळात फार चालते नाव होते. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा 1207 च्या सुमाराचा शिलालेख ज्याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला असे सांगतो, तो भास्कराचार्यांचा नातूही चांगदेवच. मुद्दा इतकाच, की सिद्धपुरुष आणि वाघ ही जोडी मराठी कानांना सरावाची होती.

पण हिंडून आलेल्या कथेत इथल्या माणसांनी काय बदलले, ते पाहिले की आक्षेपाची धार जाते. माझ्या माहितीतल्या इतर सगळ्या आवृत्त्यांत हा सामना दोन सिद्ध पुरुषांमधला आहे. वाघवाला हरतो, भिंतवाला जिंकतो, आणि हरलेला जिंकलेल्याचा शिष्य होतो. मराठी कथेत हा शेवट होता तसा राहिला असता तर चांगदेव ज्ञानेश्वरांचा शिष्य ठरला असता. तो ठरला मुक्ताईचा. भिंत चालवण्याच्या चमत्काराने फक्त चांगदेवाचा ताठा उतरला. त्याला ज्ञान मिळाले ते जिने ना वाघ चालवला ना भिंत, तिच्याकडून. म्हणजे कथा एकदा शक्तीला मोठ्या शक्तीने हरवते आणि मग शक्तीचा खेळच बाजूला सारते. ही दुसरी पायरी मराठी माणसांनी घातली आहे. तिच्यावर आणखी एक आक्षेप घेता येईल, की चांगदेव मुक्ताईचा शिष्य ही आठवण या हिंडत्या कथेच्या आधीचीच असावी, मग इथल्या कथाकारांनी मुद्दाम केले ते काय? त्यांनी ती आठवण वाघाच्या कथेखाली दबू दिली नाही, हे केले. इतक्या दिमाखदार चमत्कारापुढे एका पोरीचे गुरुपद सहज गळून पडले असते.

आता वाघाकडे येतो. कारण हा वाघ खानदेशात केवळ पोथीतला नव्हता. 1803 च्या दुष्काळाने आणि त्यामागच्या लुटालुटीने गावेच्या गावे ओस पडली, शेतांवर रान माजले आणि वाघ गावठाणापर्यंत आले. इंग्रजांनी 1818 साली मुलूख घेतला, त्यानंतर चार वर्षांनी, 1822 मध्ये, काही महिन्यांत हिंस्र जनावरांनी सुमारे 500 माणसे आणि 20,000 गुरे मारल्याची नोंद 1880 च्या खानदेश गॅझेटियरने जपली आहे. सरकारला पाठवलेल्या असल्या आकड्यांत अदमास पुष्कळ असतो, हे धरूनही चित्र भयानक आहे. या मुलखात 1825 साली जेम्स आउटरॅम आला. भिल्लांची पलटण उभी करण्याचे काम त्याच्यावर होते आणि धरणगाव ही तिची सुरुवातीची जागा. पुढच्या दहा वर्षांत तो हजर असताना 191 वाघ मारले गेले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ही शिकार हौसेपुरती नव्हती. डोंगरातल्या भिल्लांनी बंदूक आणि पगार घेऊन सरकारच्या बाजूला यावे, यासाठी साहेबाची धडाडी त्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होणे गरजेचे होते, आणि ती वाघाइतकी झटकन दुसऱ्या कशाने सिद्ध होणार होती? पायी चालून जखमी वाघाला सामोरा जाणारा आउटरॅम भिल्लांच्या मनात घर करून बसला, हे त्याचे चाहतेच नव्हेत, तर त्याची कारकीर्दही सांगते. वाघावर बसून आलेला चांगदेव आणि वाघ लोळवून आलेला आउटरॅम यांच्यात पाच-सहा शतकांचे अंतर असले तरी दोघे एकच बोली बोलतात. ज्याला वाघ वश, त्याला माणसे वश.

खानदेशालगतच्या सातपुड्यात वाघाशी वागण्याची आणखी एक रीत होती आणि आहे: वाघदेवाची. शिवेवर किंवा एखाद्या झाडाखाली उभा केलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला किंवा नुसता सुचवलेला वाघ, वर शेंदराचे थर, पुढे फोडलेले नारळ आणि कोंबड्याचा मान. भिल्ल आणि पावरा गावांत, गुरे राखणाऱ्यांच्या वस्त्यांत, वाघबारशीला ही पूजा होते. तिच्यात वाघावर स्वार होण्याची इच्छा नाही आणि त्याला संपवण्याचीही नाही. तुझे रान तुला, आमची गुरे आम्हाला, असा तो करार आहे आणि दरवर्षी तो नव्याने करावा लागतो. वाघदेवाच्या दगडापुढे उभा राहणारा माणूस वाघापेक्षा मोठा होऊ पाहत नाही. चांगदेवाची कथा ऐकणाऱ्या खानदेशी श्रोत्याला वाघावरची मांड हे केवढे धाडस आहे आणि केवढा उद्दामपणाही, हे या पूजेमुळे लगेच कळले असणार. पुण्या-सातारच्या श्रोत्याला वाघ योग्याच्या सामर्थ्याचे अलंकरण वाटला असेल. तापीच्या खोऱ्यात रात्री गोठ्याचे दार नीट लावून कीर्तनाला आलेल्या माणसाला तो खराच वाघ दिसत होता.

आणि या मुलखात जनावरांवर जादू असलेल्या बाईचे काय होत आले आहे? हे बोलणे टाळून मुक्ताईच्या कथेचा अर्थ लागत नाही. सातपुड्याच्या पाड्यांत डाकीण ही भीती जुनी आहे. गाय आटली, बैल पडला, कोंबड्या मेल्या, पोर तापाने गेले, की भगताकडे जायचे आणि त्याने कुणा बाईकडे बोट दाखवायचे. ती नजर लावते, ती जनावराचे रूप घेऊन रात्री हिंडते, असे तिच्यावर आरोप. बोट दाखवले जाते ते पुष्कळदा एकट्या, विधवा, किंवा जमिनीत वाटा असलेल्या बाईकडे, आणि पुढची मारहाण, गावाबाहेर काढणे, कधी जीव घेणे, हे सगळे त्या आरोपातून निघते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भागात वर्षानुवर्षे यासाठी पाय झिजवले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा कुणाला चेटूक करणारी ठरवून छळणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट झाले. कादंबरीतल्या मुलीला जनावरांची भाषा कळली की वाचक तिच्या बाजूने उभा राहतो. पाड्यावरच्या मुलीला ती कळते असा नुसता संशय आला तरी गाव तिच्या विरोधात उभे राहते. पुरुषाच्या हातातला वाघ त्याला सिद्ध करतो, बाईच्या हातातला वाघ तिला डाकीण करतो. देवीला मात्र वाघ शोभतो, कारण ती माणूस नाही.

म्हणून मुक्ताईला कथेने वाघ दिला नाही, याला अर्थ आहे. तिला वाघ द्यायचा झाला तर दोनच वाटा होत्या: तिला देवी करा, नाहीतर तिची भीती धरा. यावर कोणी म्हणेल की तिला देवी केलेच आहे की. मुक्ताईनगरला तिचा जयघोष आदिशक्ती म्हणूनच होतो, आणि निवृत्ती शिवाचा, ज्ञानदेव विष्णूचा, सोपान ब्रह्मदेवाचा, तशी मुक्ताई आदिमायेचा अवतार, ही परंपरेची मांडणी आहे. खरे आहे. पण आदिशक्ती म्हटल्यावर पायाशी वाघ किंवा सिंह यायला हवा, आणि वारकरी चित्रांत तो येत नाही. नाव शक्तीचे दिले, वाहन दिले नाही. वाघ चांगदेवापाशीच राहिला. अठराभुजा सप्तशृंगी जिथल्या घराघरांची कुलदेवी आहे आणि देवीचे वाहन म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक आहे, त्या खानदेशात ही गोष्ट अनवधानाने सुटली असेल असे मला वाटत नाही. भक्तांनी मुक्ताईला देवी म्हटले तरी ती माणसाची मुलगीच दिसावी, भावांसाठी मांडे भाजायला निघालेली, रागावून बसलेल्या ज्ञानेश्वराला दार उघड म्हणून समजावणारी, असाच त्यांचा आग्रह दिसतो.

यापेक्षा कठीण शंका अभ्यासकांनी घेतली आहे. शके 1234 म्हणजे 1312 साली हरिश्चंद्रगडावर 'तत्त्वसार' नावाचा ग्रंथ लिहिणाऱ्या चांगा वटेश्वराने आपली गुरुपरंपरा सांगताना गोरखनाथांनंतर मुक्ताईचे नाव घेतले आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रातही चक्रधरांना भेटलेली मुक्ताबाई नावाची एक तपस्विनी आहे. त्यावरून काहींचे मत असे, की चांगदेवाची गुरू ही आळंदीची मुलगी नव्हेच. ती नाथपंथातली वेगळी, वयाने वडील योगिनी असावी आणि नामसाम्याने पुढे दोघी एक झाल्या. हे मत बरोबर निघाले तर आतापर्यंत मी मांडले ते कोसळते का? मला उलटे वाटते. समजा मूळची गुरू प्रौढ योगिनी होती, जटा वाढवलेली, रानात राहणारी, श्वापदांत वावरणारी. मग वारकऱ्यांनी तिच्या जागी एक पोरगी बसवली, जिच्याकडे योगिनीची कुठलीच सिद्धी नाही, हा बदल आणखीच बोलका होतो. योगिनीने योग्याला उपदेश केला यात एका सिद्धीने दुसरीला ओळखले. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीने केला, तर सिद्धीचा विषयच संपला. आणि दोन्ही शक्यतांत एक गोष्ट कायम राहते: 'तत्त्वसार' लिहिणारा आपली गुरू म्हणून स्त्रीचे नाव घेतो, तेही अभिमानाने. ती आठवण सातशे वर्षे कुणी पुसली नाही.

मुक्ताईच्या स्वतःच्या नावावर असलेल्या रचनांत जनावरे आहेत का, हेही पाहायला हवे. आहेत, आणि ती पाहून मन थक्क होते. तिच्या सर्वांत गाजलेल्या कूट अभंगात वाघ-सिंह नाहीत. तिथे आहे मुंगी, विंचू आणि माशी. मुंगी आभाळात झेपावते आणि सूर्य गिळते, विंचू पाताळ गाठतो, माशीच्या पोटी घार जन्मते, आणि हे सगळे पाहून मुक्ताई हसते. हा अभंग तिचाच हे पोथ्यांच्या पुराव्याने ठामपणे सांगता येणार नाही. पण परंपरेने तो तिच्या तोंडी घातला, चांगदेवाच्या नव्हे. इथे अद्भुत आहे, अगदी कादंबरीला लाजवील असे, तरी हुकूम सोडणारा कुणी नाही. मुंगीवर कुणी बसलेले नाही. लहानातले लहान जनावर आपल्या बळाने विश्व उलटेपालटे करते आणि मुलगी ते नुसते बघते. खानदेशातल्या बायकांच्या कवितेत हे बघणे पुढेही चालत आले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी सुगरणीच्या खोप्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीही हीच. पाखराच्या चोचीतली कारागिरी पाहून माणसाच्या दोन हातांना आणि दहा बोटांना विचारलेला तो प्रश्न आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईची कविता 1952 साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने आली, नाहीतर लेवा बोलीतला तो ठेवा जात्याबरोबर गेला असता. मुक्ताईचा बहिणाबाईंवर प्रभाव, असा सरळ धागा मला ओढायचा नाही. पण दोघींच्या शब्दांत जनावराला मालक नाही, आणि तापीच्या खोऱ्यात बाईने कुणाला आपली भीती वाटू न देता जनावराबद्दल बोलण्याची ही एक खात्रीची वाट होती, एवढे दिसते.

आज चांगदेव गावात संगमाजवळ काळ्या दगडाचे जुने मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली उभे आहे, आणि पलीकडे कोथळी-मेहूणला मुक्ताई. महाशिवरात्रीला दोन्हीकडे यात्रा भरते. माणसे गुरूकडे जातात, शिष्याकडेही जातात. जुने एदलाबाद मुक्ताईनगर झाले, म्हणजे तालुक्याचे नाव शिष्याचे न होता गुरूचे झाले. पंढरपूरच्या मानाच्या सात पालख्यांत इथली पालखी सर्वांत लांबून येणाऱ्यांपैकी. मलकापूर, बुलढाणा, जालना, बीड असा महिनाभराहून अधिकचा पायी प्रवास करून ती आषाढीला पोचते. याच तालुक्यात वढोद्याच्या, डोलारखेड्याच्या आणि चारठाण्याच्या रानात मेळघाटाकडून उतरलेला वाघ अजून फिरतो, कधी थेट केळीच्या बागांत शिरतो. खानदेशाच्या सपाटीवरून तो हटला त्याला आउटरॅमपासूनच्या शिकारी कारणीभूत, पण त्याहून जास्त कारणीभूत नांगराखाली गेलेली राने. जे उरले ते राखण्यासाठी 2014 साली सरकारने इथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले, आणि त्याचे नाव मुक्ताई-भवानी. त्या नावामागे कुणी कथेचा विचार केला नसेल. तरी वैशाख वद्य दशमीच्या सोहळ्यात जे कीर्तनकार चांगदेवाच्या वाघाचे आख्यान भिंतीपाशीच आटोपते घेतात, त्यांनी ते पुढे न्यावे, असे मला मनापासून वाटते. कारण त्या मंडपात बसलेल्या मुलींपैकी कित्येकींच्या शेताच्या बांधाला आजही वाघाचे माग लागतात, आणि वाघावरून उतरल्यावर चांगदेव कुणाच्या पायाशी जाऊन बसला, हे त्यांना कॅलेंडरावरच्या चित्रावरून कळत नाही.